संकेतस्थळासाठी मथळा कसा लिहावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संकेतस्थळांसाठी करावयाच्या लेखनाविषयी प्रश्न पाठवावेत, असे गेल्या अंकात वाचकांना सुचवले होते. आलेली बहुतेक पत्रे मथळ्याभोवतीच फिरत असल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न: मी अनेक वर्षे नियतकालिकांसाठी माहितीपर लेखन केले आणि माझ्या शीर्षकांचे संपादक कौतुक करत असत. आता तेच लेख मी स्वतःच्या संकेतस्थळावर देतो, परंतु ते फारसे कोणी उघडत नाही. उदाहरणार्थ, निद्रानाशावरील लेखाला मी 'जागत्या रात्रींचे पहारेकरी' असे शीर्षक दिले होते. त्यात काय चुकले?

उत्तर: शीर्षक म्हणून त्यात काही चुकलेले नाही. ते ज्या जागी वाचले जाते ती जागा मात्र बदलली आहे. छापील पानावर शीर्षकाच्या सोबतीला पुष्कळ काही असते. शेजारी चित्र असते, खाली दोन ओळींची ओळख असते, वर सदराचे नाव असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाचकाने तो अंक आधीच हातात घेतलेला असतो. 'जागत्या रात्रींचे पहारेकरी' वाचून तो क्षणभर थबकतो, चित्रातील पलंग आणि घड्याळ पाहतो आणि विषय त्याच्या लक्षात येतो. शीर्षकाने निर्माण केलेले कोडे पानाने लगेच सोडवलेले असते.

संकेतस्थळावर मथळा लेखापासून सुटतो आणि एकटाच फिरू लागतो. तो शोधयंत्राच्या निकालांत इतर दहा मथळ्यांच्या रांगेत उभा असतो, कोणीतरी पाठवलेल्या संदेशात एका छोट्या चौकटीत दिसतो, भ्रमणध्वनीवरील सूचनेत दोन सेकंद चमकून जातो, किंवा दुसऱ्याच एखाद्या लेखाच्या तळाशी 'हेही वाचा' या यादीत पडलेला असतो. या कोणत्याही ठिकाणी त्याच्यासोबत लेख नसतो. वाचकाने लेख उघडायचा की नाही हे त्या एका ओळीवरूनच ठरवायचे असते, आणि पुढच्या सर्व उत्तरांचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.

शिवाय हा वाचक निवांत बसलेला नसतो. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, नवे पान समोर आल्यावर ७९ टक्के लोकांनी ते केवळ नजरेखालून घातले. शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६ टक्के निघाले. त्यानंतर पडदे लहान झाले आणि उतावीळपणा वाढला, त्यामुळे हे चित्र वाचकाच्या बाजूने बदलले असेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

याच नील्सन यांनी २००९ मध्ये बीबीसीच्या बातम्यांच्या संकेतस्थळावरील मथळे तपासले, तेव्हा त्यांची सरासरी लांबी ५ शब्द आणि ३४ अक्षरे भरली. ही काटकसर आपोआप आलेली नव्हती. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मजकूर दाखवणारी 'सीफॅक्स' ही बीबीसीची सेवा १९७४ पासून सुरू होती, आणि तिच्या एका ओळीत मावेल एवढाच मथळा देण्याची शिस्त तेथील संपादकांच्या अंगवळणी पडली होती. त्या मथळ्यांचे खरे वैशिष्ट्य आखूडपणाहून निराळे होते: बातमी न उघडताही ती कशाची आहे हे वाचकाला कळत असे.

आपल्या लेखाला 'मध्यरात्री जाग आल्यावर पुन्हा झोप का लागत नाही' असा मथळा देऊन पाहावा. त्यातील काव्य गेले, हे मान्य करावेच लागेल. परंतु ज्याला झोप लागत नाही, तो माणूस पहाटे तीन वाजता शोधयंत्रात 'पहारेकरी' हा शब्द लिहीत नाही. तो आपली तक्रार लिहितो. मथळा त्या तक्रारीच्या भाषेत असेल, तर दोघांची गाठ पडते. आपले मूळ शीर्षक फेकून देण्याचीही गरज नाही. लेखातील एखाद्या भागाचे उपशीर्षक म्हणून ते शोभून दिसेल, कारण तेथपर्यंत पोहोचलेल्या वाचकाला विषय ठाऊक झालेला असतो. कथा, कविता आणि ललित निबंध यांना मात्र हा नियम लावू नये. त्यांचा वाचक माहिती शोधत आलेला नसतो, आणि तेथे शीर्षक हा कलाकृतीचाच भाग असतो.

प्रश्न: मथळा साठ अक्षरांच्या आत बसवावा, असे सगळीकडे सांगितले जाते. मराठीत हे साठ मोजायचे कसे? माझा संगणक 'विद्यार्थ्यांना' या एकाच शब्दाची पंधरा अक्षरे मोजतो.

उत्तर: आपला संगणक त्याच्या हिशेबाने बरोबरच मोजतो आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिप्या साठवण्याच्या सामायिक पद्धतीत, प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील न दिसणारा हलन्त हे सर्व स्वतंत्र घटक असतात. आपण 'वि', 'द्या', 'र्थ्यां' आणि 'ना' अशी चार अक्षरे उच्चारतो, पण त्यांच्या आत पंधरा घटक दडलेले असतात. 'मराठी' हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरी असला, तरी यंत्राच्या दृष्टीने पाच घटकांचा आहे. त्यामुळे मराठी मथळ्याची लांबी तपासणारी साधने अनेकदा निष्कारण लाल रंग दाखवतात, आणि लेखक घाबरून चांगला मथळा छाटून टाकतात.

साठाचा आकडा मुळात रोमन लिपीतील अक्षरांच्या रुंदीवरून बांधलेला एक ढोबळ अंदाज आहे. गूगलने आपल्या मार्गदर्शनात शीर्षकाच्या लांबीला कोणतीही मर्यादा घातलेली नाही; उपकरणाच्या रुंदीत जेवढे मावेल तेवढे दाखवले जाते आणि उरलेले कापले जाते, एवढेच तेथे सांगितले आहे. म्हणजे प्रश्न अक्षरांच्या संख्येचा नसून जागेचा आहे. देवनागरीत 'म' आणि 'मे' जवळपास सारखीच जागा घेतात, 'मा' अधिक घेते, आणि एखादे जोडाक्षर दोन व्यंजने पोटात घेऊनही आडवे फारसे पसरत नाही. तेव्हा मोजत बसण्यापेक्षा मथळा साध्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहावा. तेथे तो दोन ओळींत मावत असेल, तर बहुतेक ठिकाणी मावेल.

लांबीपेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवट कापला गेला तरी मथळ्याचा अर्थ टिकला पाहिजे. 'तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार आणि अनुभवी वापरकर्त्यांच्या मते विसरलेला पासवर्ड परत मिळवण्याचे सोपे मार्ग' हा मथळा मध्येच तुटला, तर वाचकाच्या हाती फक्त तज्ज्ञ आणि वापरकर्ते उरतात. 'विसरलेला पासवर्ड: खाते पुन्हा कसे उघडावे' हा मथळा कोठेही तोडला तरी विषय शिल्लक राहतो. याच कारणासाठी संस्थेचे किंवा संकेतस्थळाचे नाव मथळ्याच्या सुरुवातीला घालू नये. घालायचेच असेल, तर ते शेवटी असावे.

प्रश्न: 'महत्त्वाचे शब्द आधी आणा' हा सल्ला इंग्रजीसाठी ठीक असेल, मराठीत क्रियापद शेवटी येते. ते पुढे ओढले की वाक्य नाटकी वाटू लागते. मग काय करावे?

उत्तर: क्रियापद पुढे ओढू नये. 'जाणून घ्या', 'पाहा' किंवा 'वाचा' यांनी सुरू होणारे मथळे मराठीत उदंड झाले आहेत, आणि त्यांतील पहिला शब्द वाचकाला काहीही सांगत नाही. सल्ल्याचा आशय असा आहे की, विषयाचे नाव आधी यावे. ते मराठीच्या स्वभावाला धरूनच आहे, कारण ज्याच्याविषयी बोलायचे आहे ते नाम आपण साधारणपणे वाक्याच्या आरंभीच ठेवतो. नील्सन यांच्या २००९ मधील आणखी एका चाचणीत लोकांना दुव्यांची केवळ पहिली ११ अक्षरे दाखवून पुढे काय असेल हे ओळखायला सांगितले होते. साध्या आणि नेमक्या शब्दाने सुरू होणारे दुवे लोकांना ओळखता आले. पाल्हाळाने किंवा घरगुती बनवलेल्या नावाने सुरू होणारे ओळखता आले नाहीत.

मराठीची खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते, आणि ती म्हणजे सामान्यरूपाची. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की नामाचे रूप बदलते. 'पाणी' शोधणाऱ्या वाचकासमोर 'पाण्याच्या' येते, 'कर्ज' शोधणाऱ्यासमोर 'कर्जाबाबतच्या' येते. यादीवरून भरभर फिरणारा डोळा शब्दाची ओळखीची आकृती शोधत असतो. ती बदललेली असली की तो अर्धा क्षण अडखळतो, आणि तेवढ्यात पुढच्या ओळीवर जातो. म्हणून विषयाचे नाम शक्यतो मूळ रूपात, प्रथमेत ठेवावे. त्यासाठी अपूर्णविराम फार उपयोगी पडतो. 'गृहकर्जाच्या व्याजदराच्या निवडीविषयीचे मार्गदर्शन' याऐवजी 'गृहकर्ज: स्थिर व्याजदर घ्यावा की बदलता?' असे लिहिले, तर मूळ शब्द उघडा राहतो आणि षष्ठीची साखळीही तुटते.

ही षष्ठीची साखळी, म्हणजे 'च्या'मागून 'च्या' येणे, हा कार्यालयीन मराठीचा जुना आजार मथळ्यांत फार बळावतो. 'खात्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने घ्यावयाच्या काळजीच्या सूचना' या ओळीत सहा शब्द असूनही एकही गोष्ट घडत नाही. 'खाते दुसऱ्या कोणी उघडले आहे, हे कसे ओळखावे' या ओळीत कोणीतरी काहीतरी करते आणि कोणालातरी त्याची काळजी वाटते. मथळ्यात भाववाचक नामे दिसू लागली की ती मोडून क्रियापदे करावीत. क्रियापद शेवटी आले तरी चालते. ते असले म्हणजे झाले. मात्र प्रत्येक मथळ्यात अपूर्णविराम घालण्याची सवय लागू देऊ नये. एकाच पानावर असे आठ मथळे एकाखाली एक आले, तर ते पान एखाद्या परिपत्रकासारखे दिसू लागते.

प्रश्न: मी एका कंपनीच्या संकेतस्थळासाठी लेख लिहिते. वरिष्ठांचा आग्रह असतो की, मथळा वाचून लोकांची उत्सुकता ताणली गेली पाहिजे. म्हणजे 'ही एक चूक तुम्हीही करत आहात' किंवा 'हे कारण वाचून थक्क व्हाल' अशा प्रकारचे मथळे द्यावेत. मला ते पटत नाही, परंतु त्यांच्याकडे क्लिकचे आकडे असतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर: पहिल्यांदा वरिष्ठांची बाजू पाहू, कारण ती पोकळ नाही. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्हींचे अभ्यासक असलेले जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये असे मांडले की, आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावेसे वाटते, यांतील फट जाणवू लागली की कुतूहल जागे होते. असे मथळे नेमकी ही फट पाडतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'अपवर्दी' या अमेरिकी संकेतस्थळाने तर एकेका मजकुरासाठी अनेक मथळे लिहून, त्यांची वाचकांवर चाचणी घेऊन, हे तंत्र अगदी पद्धतशीर केले. त्या चाचण्यांची माहिती पुढे संशोधकांना खुली झाली. तिच्या आधारे २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असे दिसले की, सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते. तेव्हा असे मथळे चालतच नाहीत, असा युक्तिवाद करू नये. आकड्यांपुढे तो टिकणार नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: क्लिकनंतर काय होते? फेसबुकने ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर केले की, प्राथमिक सर्वेक्षणात ८० टक्के वेळा लोकांनी असे मथळे पसंत केले, ज्यांवरून पूर्ण लेख वाचायचा की नाही हे आधीच ठरवता येते. त्याच वेळी त्या कंपनीने दुवा उघडून लोक किती वेळ तेथे थांबतात हे मोजण्यास सुरुवात केली. उघडून लगेच परतणारा वाचक फसलेला असतो, असा त्यामागचा तर्क होता. ऑगस्ट २०१६ मध्ये अशा मथळ्यांच्या दोन खुणा ठरवण्यात आल्या: माहिती मुद्दाम दडवणे आणि अतिशयोक्तीने चुकीची अपेक्षा निर्माण करणे. या खुणा ज्यांत दिसतील त्या दुव्यांचा प्रसार कमी करण्यात आला. म्हणजे ज्यांचा धंदाच क्लिकवर चालतो, त्यांनाही रिकामे क्लिक परवडेनासे झाले होते. आपल्या वरिष्ठांकडे क्लिकचे आकडे आहेत, तर त्याच पानांवर वाचक किती वेळ थांबला, शेवटपर्यंत किती जण पोहोचले आणि त्यांतले पुन्हा किती जण आले, हे आकडेही त्यांच्याकडे मागावेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चर्चेचा सूर बदलतो.

माझे स्वतःचे मत असे की, कुतूहल जागे करण्यात काहीच गैर नाही. वाचकाला कशाविषयी कुतूहल वाटावे हेच लपवणे गैर आहे. 'ही एक चूक तुम्हीही करत आहात' यात चूक कशातली, हेच सांगितलेले नाही. 'पासवर्ड वारंवार बदलल्याने खाते अधिक असुरक्षित का होते' यात विषय उघड आहे, सर्वसामान्य समजाला धक्काही आहे, आणि उत्तर लेखातच आहे. फट तेवढीच आहे, फक्त ती वाचकाला दिसते. ज्याला पासवर्डशी कर्तव्य नाही तो पुढे जाईल, आणि तो गेल्याने आपले काहीही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घालावी. ट्विटरवर सामायिक झालेल्या दुव्यांचा कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधील संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास केला, तेव्हा ५९ टक्के दुवे कोणीही उघडले नव्हते. ते लोकांनी पुढे पाठवले खरे, परंतु पुढे गेला तो केवळ मथळा. ज्यांनी लेख उघडून वाचला, तेही मथळ्याच्या प्रभावातून पूर्णपणे सुटत नाहीत. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ उल्रिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दिशाभूल करणाऱ्या मथळ्याखालील लेख लोकांनी पूर्ण वाचला असूनही, त्यांच्या स्मरणावर आणि त्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर मथळ्याची छाप राहिलीच. तिसऱ्या परिच्छेदात 'अर्थात, प्रत्येक बाबतीत असे घडतेच असे नाही' असे लिहिले, म्हणजे मथळ्यातील अतिशयोक्ती धुऊन निघाली, अशी समजूत अनेक लेखक आणि संपादक करून घेतात. ती खरी नाही. कंपनीच्या नावाने लोकांच्या डोक्यात जे वाक्य उरणार आहे ते मथळ्याचे, आणि त्याची जबाबदारी मागाहून लेखावर ढकलता येत नाही.

प्रश्न: मथळ्यात प्रश्नचिन्ह वापरावे का?

उत्तर: प्रश्न कोणाचा आहे, यावर ते अवलंबून आहे. वाचकाच्या मनात आधीच असलेला प्रश्न, म्हणजे 'कसे', 'का', 'कोणता' या प्रकारचा, आपण मथळ्यात मांडला आणि लेखात त्याचे उत्तर दिले, तर तो उत्तम मथळा होतो. परंतु जे विधान पुराव्याअभावी करता येत नाही, ते प्रश्नचिन्हाच्या आडून करणे ही पळवाट आहे. प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कोणत्याही मथळ्याला 'नाही' असे उत्तर देता येते, असे ब्रिटिश पत्रकार इयन बेटरिज यांनी २००९ मध्ये लिहिले, ते अशाच मथळ्यांना उद्देशून. 'या सवयीमुळे स्मरणशक्ती जाते?' असे लिहिण्याआधी लेखातील उत्तर पाहावे. ते 'बहुधा नाही' असे असेल, तर प्रश्न विचारूच नये.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावरील प्रत्येक पान उघडले की वर टॅबमध्ये संस्थेचेच नाव दिसते. शोधयंत्रातही सगळी पाने एकाच नावाने येतात. पानावर मात्र वेगवेगळे मथळे ठळकपणे दिलेले आहेत. असे का होते?

उत्तर: कारण एका पानाला एकाहून अधिक मथळे असतात, आणि आपण त्यांपैकी एकच लिहिला आहे. पानावर मोठ्या अक्षरांत दिसतो तो वाचकासाठीचा मुख्य मथळा. त्याशिवाय पानाच्या सांकेतिक भागात 'टायटल' नावाची एक ओळ असते. ती पानावर दिसत नाही, पण टॅबवर, वाचनखुणांच्या यादीत आणि शोधाच्या निकालांत तीच वापरली जाते. समाजमाध्यमांवर दुवा दिल्यावर जी चौकट दिसते, तिच्यासाठी फेसबुकने २०१० मध्ये 'ओपन ग्राफ' ही पद्धत आणली, आणि तिच्यातही शीर्षकाची वेगळी जागा असते. संकेतस्थळ उभे करणाऱ्याने ही टायटलची ओळ एकदाच भरून सर्व पानांना जोडली असणार. संपादन करण्याच्या ठिकाणी प्रत्येक पानाच्या मांडणीत ती बदलण्याची सोय बहुतेक वेळा असते. नसेल, तर तांत्रिक काम पाहणाऱ्यांकडून ती करून घ्यावी.

शोधयंत्र ही ओळ जशीच्या तशी दाखवीलच असेही नाही. गूगलने ऑगस्ट २०२१ मध्ये निकालांतील शीर्षके ठरवण्याची पद्धत बदलली. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने सांगितले की, सुमारे ८७ टक्के निकालांत पानाचे मूळ टायटलच वापरले जाते; उरलेल्या वेळी पानावरील ठळक मथळा किंवा अन्य मजकूर घेतला जातो. मूळ ओळ अर्धवट असणे, कालबाह्य असणे किंवा सर्व पानांवर एकच असणे, अशा वेळी यंत्र ढवळाढवळ करते. ती टाळायची असेल, तर टायटल आणि पानावरचा मथळा यांत एकच गोष्ट सांगावी. शब्द तंतोतंत सारखे असण्याची गरज नाही. पानावर जागा आणि संदर्भ दोन्ही असल्यामुळे तेथे थोडे मोकळेपणाने लिहिता येते, तर टायटल मात्र पूर्ण परक्या ठिकाणीही कळेल असे असावे. 'प्रवेश' हे पानावर चालते. टायटलमध्ये कोणत्या वर्गाचा आणि कोणत्या वर्षाचा प्रवेश, हे आले पाहिजे.

हा केवळ शोधाचा प्रश्न नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचक प्रणालीच्या साहाय्याने संकेतस्थळ वापरतात, तेव्हा नवे पान उघडताच सर्वप्रथम टायटल ऐकू येते, आणि नंतर पानावरील उपशीर्षकांवरून उड्या मारत त्या हवा तो भाग गाठतात. प्रत्येक पान उघडल्यावर तेच नाव ऐकू आले, तर आपण कोठे आलो आहोत हे त्यांना कळत नाही. जागतिक सुगम्यता निकषांत पानाला विषय सांगणारे शीर्षक असणे ही अगदी पहिल्या, म्हणजे किमान पातळीची अट मानली आहे. शीर्षके आणि उपशीर्षके यांतून विषय कळावा, अशीही वेगळी अट त्यांत आहे. त्यामुळे 'प्रस्तावना', 'अधिक माहिती' आणि 'इतर' ही उपशीर्षकेही एकदा तपासून पाहावीत.

प्रश्न: दोन मथळे लिहून, निम्म्या वाचकांना एक आणि उरलेल्यांना दुसरा दाखवून जो जिंकेल तो ठेवावा, असे मी वाचले. माझ्या संकेतस्थळावर रोज शंभर-दीडशे लोक येतात. ही पद्धत मला उपयोगी पडेल का?

उत्तर: इतक्या वाचकसंख्येत नाही. समजा, एका मथळ्यावर शंभरांतील दोन जण क्लिक करतात आणि दुसऱ्यावर तीन. हा फरक नशिबाचा खेळ नाही, असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर भरवशाने म्हणण्यासाठी प्रत्येक मथळा सुमारे ३,८०० वेळा दाखवला गेला पाहिजे. म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ७,६००; आपल्याकडे त्याला पावणेदोन ते अडीच महिने लागतील, आणि तोवर विषय शिळा होईल. मोठ्या वृत्तसंस्थांना हे तासाभरात जमते. लहान संकेतस्थळांनी त्यांची नक्कल करून दोन-चार क्लिकच्या फरकावरून निष्कर्ष काढू नयेत.

आपल्याला अधिक उपयोगी पडेल ते गूगलचे 'सर्च कन्सोल' हे विनामूल्य साधन. कोणत्या शब्दांसाठी आपले पान निकालांत दिसले आणि त्यांपैकी कितीदा उघडले गेले, हे त्यात कळते. एखादे पान शेकडो वेळा दिसूनही जवळपास कधीच उघडले जात नसेल आणि ते निकालांत बऱ्यापैकी वर असेल, तर मथळा नक्कीच तपासावा. लोक कोणते शब्द वापरून तेथे पोहोचतात, ती यादी तर मथळा लिहिणाऱ्यासाठी सोन्यासारखी असते. आणखी एक जुना उपाय आहे, आणि त्याला यंत्रही लागत नाही. लेख न वाचलेल्या एखाद्या परिचिताला फक्त मथळा सांगावा आणि लेखात काय असेल असे वाटते, हे विचारावे. तो जे सांगेल ते लेखात नसेल, तर दोहोंपैकी एक बदलावे. कधी कधी लेखच बदलावा लागतो, कारण मथळ्यातील अपेक्षा अधिक रास्त असते.

प्रश्न: लेख प्रसिद्ध झाल्यावर मथळा सुधारला तर चालतो का? आणि पानाच्या पत्त्यात मराठी शब्द ठेवावेत का?

उत्तर: मथळा सुधारावा, पत्ता बदलू नये. पत्ता बदलला की आधी पाठवले गेलेले सर्व दुवे तुटतात. फारच आवश्यक असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेण्याची कायमस्वरूपी व्यवस्था आधी करावी. भाषा उजळण्यासाठी केलेला बदल सांगत बसण्याची गरज नसते, परंतु मथळ्यातील चुकीची माहिती दुरुस्त केली असेल, तर लेखात तशी स्पष्ट नोंद द्यावी. ज्याच्या संदेशपेटीत जुना मथळा गेला आहे, त्याच्याकडे तो तसाच राहतो. समाजमाध्यमेही दुव्याची चौकट एकदा साठवून ठेवतात आणि काही काळ जुनीच दाखवत राहतात. फेसबुकच्या विकसकांसाठीच्या साधनांत ती नव्याने वाचून घेण्याची सोय आहे. मथळा बदलल्यावर तेवढे काम आठवणीने करावे.

पत्त्यात देवनागरी चालते, आणि ब्राउझरच्या पट्टीत ती छान दिसते. अडचण येते ती पत्ता उतरवून दुसरीकडे चिकटवताना. तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक घटकाचे रूपांतर टक्केचिन्हे, अंक आणि रोमन अक्षरे यांच्या नऊ चिन्हांत होते, म्हणजे एकट्या 'मराठी' या शब्दाची पंचेचाळीस चिन्हे होतात आणि पूर्ण मथळ्याचा पत्ता संदेशात चार-पाच ओळी व्यापतो. असा पत्ता पाहून अनेकांना तो दुवा संशयास्पद वाटतो, आणि ओळीच्या शेवटी तुटला तर तो उघडतही नाही. म्हणून मथळा मराठीत आणि पत्ता दोन-तीन शब्दांचा, रोमन लिपीत ठेवावा, असे मी सुचवीन. त्या शब्दांत वर्ष किंवा 'नवीन' असे काही घालू नये. पुढच्या वर्षी मथळा सहज बदलता येईल, पण पत्ता तोच राहणार आहे.